अण्णांचं ऑपरेशन : पोट उघडून, दुर्बिणीतून की रोबोटनं?

मांजराकाठ (४ जून, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ६३, निलंगा तालुक्यात नऊ एकर शेती. वर्षभर शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून आधी गावातलं झाडपाल्याचं औषध, मग 'बिना ऑपरेशन' असा बोर्ड लावलेल्या एका दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली. तिथं कुणी बोट घालून तपासलंही नाही. संक्रांतीला धोतर सैल व्हायला लागलं तेव्हा आम्ही जागे झालो. दुर्बीण टाकून तपासणी केली, तुकडा पाठवला, कॅन्सर निघाला. गुदाशयात, गुदद्वारापासून ७ सेंटिमीटर वर. एमआरआयमध्ये टी-३ लिहिलंय, म्हणजे गाठ गुदाशयाच्या भिंतीपार बाहेरच्या चरबीत गेलेली. लिव्हर-फुफ्फुसं स्वच्छ आहेत. २५ शेक (रेडिएशन) आणि सोबत किमोच्या गोळ्या झाल्या. शेवटचा शेक २८ एप्रिलला. आता ऑपरेशन.

पुण्यात एका ठिकाणी सांगितलं, रोबोटनं करू, त्याचे वेगळे दोन लाख. संभाजीनगरला सांगितलं, दुर्बिणीतून छान होईल, योजनेत बसतंय. आणि मामा म्हणायलेत की पोट उघडूनच करा, हातानं काढलेलं बरं, दुर्बिणीत गॅस भरतात त्यानं गाठीचे कण पोटभर पसरतात. अण्णांचं चौथंच. ते म्हणतात, मृग लागायला आलाय, पेरणी होऊ द्या मग बघू.

कुणाच्या घरी झालंय का? नेमका फरक काय असतो?

सोयाबीनवाला (४ जून, रात्री १०:४०)

माझ्या वडिलांचं तीन वर्षांमागं दुर्बिणीतून झालं. पाचव्या दिवशी घरी, पंधराव्या दिवशी पारावर. बेंबीखाली चार बोटांची चीर अन् बाकी छिद्रं. डोळे झाकून दुर्बीण करा.

जुनंखोड (४ जून, रात्री ११:०५)

रोबोट म्हणजे बिल फुगवायचं मशीन. माझ्या साडूला असंच गळ्यात मारलं. दादा, दोन लाखात एक म्हैस अन् वर ठिबक येतं.

निसर्गसखा (५ जून, सकाळी ६:३०)

ऑपरेशनच्या फंदात पडू नका. गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र अर्क, ९० दिवस. गाठ विरघळते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टाकेवाला (५ जून, सकाळी ७:५०)

निसर्गसखा, या माणसाचं एक वर्ष आधीच अशा विरघळवण्यात गेलंय. कृपया थांबा.

मांजराकाठ, मी सर्जन आहे, मराठवाड्यातलाच. इथं बसून अण्णांचा निर्णय मी देणार नाही, पण तुम्ही विचारलेला फरक सांगतो.

मामांना हसू नका. त्यांची भीती कधीकाळी आम्हा सर्जनांचीच होती. आपल्याकडं दुर्बिणीतून पित्ताशय काढायची सुरुवात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. त्याच सुमारास अमेरिकेत मोठं आतडंही असं काढायला लागले. मग काही पेशंटांत जिथून नळी घातली त्या छिद्रातच कॅन्सर उगवल्याच्या नोंदी यायला लागल्या. लोक हादरले. अमेरिकेत कित्येक वर्षं कॅन्सरसाठी दुर्बीण फक्त अभ्यासापुरतीच वापरायची असं चाललं होतं. मामांच्या कानावर आलंय ते त्या काळातलं.

त्यातला कॉस्ट नावाचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. आतड्याच्या कॅन्सरचे ८७२ पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. तीन वर्षांत आजार उलटल्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, पोट उघडून १८ टक्के, म्हणजे सारखंच. जखमेत कॅन्सर उगवणं दोन्हीकडं १ टक्क्याहून कमी. कण वाऱ्यानं उडत नव्हते. आधी गाठ हाताळण्यात ढिलाई होत होती आणि ती उघडी बाहेर ओढली जात होती. आता चिरेत प्लास्टिकचं आवरण बसवून त्यातूनच काढतात.

पण सोयाबीनवाला, तुमच्या वडिलांची गाठ कुठं होती?

सोयाबीनवाला (५ जून, सकाळी ९:२०)

डाव्या बाजूला, सिग्मॉइड का काय म्हणाले होते.

टाकेवाला (५ जून, दुपारी २:१५)

तिथंच तर सगळा फेर आहे.

सिग्मॉइड किंवा उजव्या बाजूचं आतडं पोटात मोकळं असतं. तिथं दुर्बिणीचा फायदा सरळ आहे: दुखणं कमी, आतडं लवकर चालतं, जखम पिकणं कमी. हात बसलेला सर्जन असेल तर तिथं मीही दुर्बीणच म्हणतो.

अण्णांची गाठ गुदाशयात आहे, कमरेच्या हाडांच्या आत. पुरुषाचं ओटीपोट अरुंद असतं. अरुंद तोंडाच्या रांजणात तळाशी काम करायचं, तेही रांजणाला ओरखडा न पाडता. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं, त्यात गाठीच्या वाटेवरच्या लसिकाग्रंथी असतात. हे वेष्टण न फाडता, एका गाठोड्यासारखं अख्खं बाहेर आलं पाहिजे. बिल हील्ड या इंग्रज सर्जननं १९८२ मध्ये हे मांडलं. त्याआधी ओटीपोटात कॅन्सर पुन्हा येणं लई होतं, कारण आम्ही हातानं चाचपून, ओढून काढत होतो. याला टीएमई म्हणतात. मामांचं 'हातानं काढलेलं बरं' इथं बरोबर उलटं पडतं.

पोट उघडलं काय, दुर्बीण घातली काय, रोबोट लावला काय, आत करायचं काम हेच टीएमई. बदलतं ते तिथवर पोचायचं साधन.

आता आकडे. २०१५ मध्ये कलर-टू अभ्यास आला, गुदाशयाचे १०४४ पेशंट. तीन वर्षांत त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के. म्हणजे दुर्बीण पास. पण त्याच वर्षी अमेरिकेतला एक आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा एक असे दोन अभ्यास आले. त्यांनी बाहेर काढलेला तुकडा किती नीट आलाय ते मोजलं. अमेरिकेतल्यात नीट निघालेले तुकडे दुर्बिणीत ८१.७ टक्के, उघड्यात ८६.९ टक्के. ऑस्ट्रेलियातल्यात ८२ आणि ८९. दुर्बीण उघड्याइतकीच चांगली आहे असं त्यांना ठामपणे म्हणता आलं नाही. पुढं त्याच पेशंटांवर लक्ष ठेवलं तेव्हा आजार परतण्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणून गुदाशयाच्या बाबतीत मी सोयाबीनवाल्यांसारखं डोळे झाकून काही म्हणत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. तुम्ही लिहिलेला टी-३ शेकाच्या आधीचा दिसतो. शेकानंतरचा एमआरआय झाला का? तो पाहिल्याशिवाय कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर मला नवल वाटेल.

मांजराकाठ (५ जून, दुपारी ३:०२)

नाही झाला. पुण्यात विचारलाच नाही. संभाजीनगरला लिहून दिलाय, परवाची तारीख आहे.

टाकेवाला (५ जून, दुपारी ३:१०)

मग परवापर्यंत रोबोट-दुर्बीण बाजूला ठेवा. शेकानं काहींची गाठ दिसेनाशी होते. अशांचं ऑपरेशन लगेच न करता दर काही महिन्यांनी बारीक लक्ष ठेवतात. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिटा हाब्र-गामा यांनी हा विचार रुजवला. पण ते फक्त गाठ खरंच गेलेल्यांसाठी, आणि जे दर खेपेला तपासणीला येतील त्यांच्यासाठी. 'पेरणी झाल्यावर बघू' म्हणणाऱ्यांसाठी नाही :)

भूलचूक (५ जून, रात्री ९:३०)

मी भूल देते. सर्जनलोक स्वतःच्या अवजाराबद्दल तासभर बोलतात, पेशंटच्या छातीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

दुर्बीण असो वा रोबोट, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबानं पोट फुगवतात. गुदाशयासाठी पेशंटचं डोकं खाली, पाय वर. असं तीन-चार तास, कधी जास्त. आतडी छातीच्या पडद्यावर येऊन बसतात. हृदय कमजोर असेल, दमा असेल, बिडी ओढून फुफ्फुसं खराब झाली असतील तर हे जड जातं. दुसऱ्या दिवशी खांदा का दुखतोय म्हणून नातेवाईक घाबरतात, तोही त्या गॅसचाच प्रताप, दोन दिवसांत जातो. उलट पोटावर मोठी चीर असली की माणूस दुखतं म्हणून खोकत नाही आणि कफ साठतो, म्हणजे तिकडून फुफ्फुसाला त्रास. दोन्हीकडं काहीतरी आहेच.

अण्णा बिडी-तंबाखू घेतात का? इको आणि फुफ्फुसाची फुंकायची तपासणी करून घ्या. व्यसन असेल तर आज रात्रीपासून बंद. आतडं जिथं जोडतात तो जोड टिकण्याशीही त्याचा संबंध आहे.

मांजराकाठ (५ जून, रात्री ९:५५)

ताई, बिडी. दिवसाला एक कट्टा. रक्त दिसल्यापासून 'कमी केलीय' म्हणतात.

भूलचूक (५ जून, रात्री ९:५८)

कमी नको, बंद.

परांडेकर (६ जून, सकाळी ८:१५)

पुण्याच्या आधी बार्शीला एकदा दाखवलं का? आमच्या परांडा-भूमकडचे लोक नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातच जातात. १९८७ पासून तिथं बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली अशी पहिली ग्रामीण नोंदणी. माझ्या चुलतीचं नाव त्या वहीत असणार. ऑपरेशन कुठंही करा, पण दुसरं मत घ्यायला ७०० रुपयांचं डिझेल पुरतं.

अवांतर : मुंबईला टाटाला जायची वेळ आलीच तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटाला स्लीपरमध्ये भाड्याची पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकालाही सवलत मिळते. दवाखान्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. पुष्कळांना माहीतच नसतं.

तंत्रज्ञ_हैदराबादी (६ जून, सकाळी ११:४०)

मूळचा देगलूरचा, हैदराबादला ऑपरेशन थिएटरमध्ये रोबोटवर काम करतो. जुनंखोड काकांचा राग समजतो, पण थोडं माझंही ऐका. रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन बाजूच्या पेटीसमोर बसून हातापायांनी चालवतो. दुर्बिणीची अवजारं लांब सळईसारखी सरळ असतात. रोबोटच्या टोकाला मनगट असतं, ते आत वळतं. चित्र त्रिमितीत दिसतं, कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात, कुणाचा हात थरथरत नाही. अरुंद ओटीपोटात याचा उपयोग होतो हे मी रोज बघतो. दा विंची या रोबोटला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली. आता गुरुग्रामला बनलेला देशी मंत्रा रोबोटही आलाय.

जुनंखोड (६ जून, दुपारी १२:०५)

रोज बघता, पण बिल कोण भरतंय ते बघता का? उपयोग होतो तर पुरावा दाखवा. मनगट वळतं म्हणून कॅन्सर घाबरून पळतो का?

टाकेवाला (६ जून, रात्री १०:२०)

काकांनी मुद्द्याचं विचारलं.

पुरावा दोन तऱ्हेचा आहे. २०१७ मध्ये रोलार नावाचा अभ्यास आला, १० देश, ४७१ पेशंट. दुर्बिणीतून सुरू करून मधेच पोट उघडावं लागलं असे १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१ टक्के. आकडा रोबोटच्या बाजूनं, पण फरक एवढा लहान की योगायोग म्हणून सोडून द्यावा लागला. बरेच जण, मीही, त्या वेळी म्हणालो, विषय संपला.

तो संपला नव्हता. चीनमध्ये रिअल नावाचा अभ्यास झाला, ११ रुग्णालयं, १२४० पेशंट, सगळे मधल्या आणि खालच्या गुदाशयाचे, म्हणजे अण्णांसारखेच. तुकड्याच्या बाजूच्या कडेला कॅन्सर चिकटून राहिलेला दिसला तो रोबोटमध्ये ४ टक्के, दुर्बिणीत ७.२. तीन वर्षांनी त्याच जागी परतण्याचं प्रमाण १.६ विरुद्ध ४ टक्के. हे आकडे आल्यापासून मी रोबोटला नुसता तमाशा म्हणायचं सोडलं.

पण तिथले सर्जन दोन्ही अवजारांवर मुरलेले होते. ज्या ठिकाणी रोबोट गेल्या दिवाळीत आला आणि त्यावर आत्तापर्यंत गर्भाशयंच निघाली, तिथं हे आकडे लागू होत नाहीत. आणि शंभरात दोनाचा फरक विकत घ्यायला रान गहाण टाकावं का, हे ठरवताना दुसरं पारडंही बघा: ज्याच्या हातून दुर्बिणीतून महिन्याला चार-पाच गुदाशय निघतात, तो.

त्यामुळं पुण्याला आणि संभाजीनगरला दोघांनाही तेच विचारा. तुमच्या हातून वर्षात गुदाशयाची किती होतात? त्यातल्या किती जणांचं मधेच पोट उघडावं लागलं? तुकड्याच्या रिपोर्टात वेष्टण अखंड असं किती वेळा येतं? चांगला सर्जन या प्रश्नानं चिडत नाही. आणि मधे पोट उघडलं म्हणजे हरला असं नाही. सुरुवातीलाच ओळखून उघडणारा शहाणा. चार तास झगडून, रक्तस्राव झाल्यावर उघडणाऱ्याच्या पेशंटाचे हाल होतात.

गुदद्वाराच्या बाजूनं वर जाणारी टाटीएमई नावाची पद्धतही कुणी सुचवेल. बार्सिलोनातून गाजली, खालच्या गाठींना सोपी जाईल असं वाटलं. नॉर्वेत मात्र आजार लवकर आणि ठिकठिकाणी परतताना दिसला आणि त्यांनी ती थांबवली. काही मोजक्या केंद्रांत ती उत्तम होते. आपल्या भागात पहिल्या दहा-वीसमध्ये आपले अण्णा नकोत, एवढंच म्हणतो. गुदद्वारातूनच लहान गाठ खरवडून काढायची पद्धत अगदी सुरुवातीच्या गाठींसाठी, तुमचा तो विषय नाही.

जुनंखोड (६ जून, रात्री १०:४४)

हे पटलं. साडूच्या वेळी हे प्रश्न माहीत असते तर.

गोदाकाठची (७ जून, दुपारी ४:३०)

नांदेडहून. मी परिचारिका आहे, पोटावरच्या पिशवीचं काम बघते. वर सगळे किती छिद्रं ते बोलताहेत, घरी मात्र पेशंट चीर मोजत बसत नाही. पिशवी मोजतो.

गुदाशय खालून काढून जोडलं तर जोडाला आराम म्हणून लहान आतडं तात्पुरतं पोटावर काढतात, दोन-तीन महिन्यांनी आत घालतात. दुर्बीण केली म्हणून पिशवी टळत नाही, रोबोटनंही नाही. हे आधीच अण्णांना सांगा. ऑपरेशननंतर पोटाकडं बघून रडणारे गडी मी पुष्कळ पाहिलेत.

ऑपरेशनच्या आधी पिशवीची जागा पेननं खूण करून घ्यायची. बसवून, उभं करून, वाकवून. अण्णा धोतर नेसतात ना? मग त्यांना धोतर नेसवूनच घेऊन जा. कमरेची गाठ जिथं बसते तिथं पिशवी आली तर रोज गळणार.

अजून एक, पुरुष विचारत नाहीत म्हणून मीच लिहिते. ओटीपोटातल्या बारीक नसांना धक्का लागला तर लघवी आणि नवरा-बायकोचे संबंध यावर परिणाम होतो. ते सर्जनला आधीच विचारा, लाजू नका. आणि पिशवी आत गेल्यावर दिवसातून सात-आठदा शौचाला जावं लागतं, घाईची लागते. बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं, काहींचं राहतं.

मांजराकाठ (९ जून, रात्री ८:४८)

एमआरआय झाला. गाठ निम्म्यानं आकसलीय, पण आहे. बाजूची कड आता मोकळी दिसतेय म्हणाले. नुसतं लक्ष ठेवून चालणार नाही, ऑपरेशन लागणार.

तिन्ही प्रश्न दोन्हीकडं विचारले. पुण्यातल्या साहेबांनी सहायकाला सांगितलं, यांना ब्रोशर द्या. संभाजीनगरच्या मॅडमनी खुर्ची ओढून आकडे सांगितले, मागच्या वर्षी किती केली, त्यातली किती उघडावी लागली, का उघडावी लागली. तिथंच करायचं ठरवलं, दुर्बिणीतून. कार्ड चाललं, आरोग्यमित्रानं दोन दिवसांत मंजुरी आणली.

मामांना टाकेवाला सरांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले, मग काहून भेवडवलं होतं लोकांनी इतकी वर्षं.

पेरणीचं धाकट्यावर सोपवलंय. अण्णांना फोनवर पावसाचा आवाज ऐकवावा लागतो.

मांजराकाठ (६ जुलै, सायंकाळी ७:१५)

२३ जूनला झालं. पावणेपाच तास. पाच छिद्रं अन् खाली एक आडवी चीर, पोट उघडावं लागलं नाही. सातव्या दिवशी सोडलं. रिपोर्ट आला: वेष्टण अखंड, बाजूची कड ४ मिलिमीटर मोकळी, ग्रंथी ११, सगळ्या स्वच्छ. १२ तरी हव्यात असं कुठंतरी वाचलं होतं, ११ चं टेन्शन घ्यायचं का?

आणि गोदाकाठची ताई, पिशवीची पोटाला चिकटवायची प्लेट दोन दिवसांत सुटायलीय. उकाडा असा आहे की घामानंच निघते. कडेची कातडी लाल झालीय. अण्णा म्हणतात पाणीच कमी पितो म्हणजे कमी गळंल.

टाकेवाला (६ जुलै, रात्री ८:०२)

शेकानंतर ग्रंथी कमी सापडतात. ११ ठीक आहेत. ४ मिलिमीटर कड वाचून बरं वाटलं, १ मिलिमीटरच्या आत असती तर काळजी होती. पुढच्या किमोचं मॅडमना विचारा.

गोदाकाठची (६ जुलै, रात्री ९:१०)

पाणी कमी अजिबात करू नका! लहान आतड्याच्या पिशवीतून पाण्यासोबत मीठ जातं. पाणी तोडलं तर मूत्रपिंडावर येतं. नुसतं साधं पाणी तांब्यानं ढोसलं तरी मीठ अजूनच वाहून जातं. ओआरएस घोट-घोट, मीठ घातलेलं ताक, भाताची पेज. दिवसाला दीड लिटरच्या वर पिशवीत आलं किंवा लघवी कमी झाली तर वाट न बघता दवाखाना. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची. जड झाली की प्लेट ओढते.

प्लेटचं भोक नव्यानं मापून कापा. सूज उतरते तसं आतड्याचं तोंड आकसत जातं, तुम्ही अजून दवाखान्यातल्याच मापानं कापत असणार. तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. कातडी साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा, हात पंखा चालेल, तेल-साबण नको. शेंगदाणे, मक्याचं कणीस सध्या बंद, अडकतं. भाकरी मऊ करून, चावून.

मांजराकाठ (६ जुलै, रात्री ९:४०)

माप तेच होतं ताई, बरोबर पकडलंत. उद्या नवं कापतो. एक विचारायचं राहिलं, ते शेतात जाऊ का म्हणून मागं लागलेत. सोयाबीन उगवून आलंय, बघायचंय म्हणतात.

गोदाकाठची (६ जुलै, रात्री ९:४६)

गाडीवर मागं बसवून न्या, सकाळी ऊन व्हायच्या आत. बांधावरून बघू द्या. कोळपं हातात धरू देऊ नका, सहा आठवडे तरी काही उचलायचं नाही.

मांजराकाठ (७ जुलै, सकाळी १०:२०)

जाऊन आलो. बांधावर बसले, दोन ओळी नांगं पडलेत म्हणून धाकट्याला शिव्या घातल्या. प्लेट टिकली.